एकशेपाच नंबरचं कव्हर

१

कव्हर रिकामं होतं.

धाकटीने आधी आत बोटं घातली, मग डोकावून पाहिलं, मग ते उलटं धरून हलवलं. काहीच पडलं नाही. समोर तिन्ही पाहुणे चहाचे कप तसेच धरून बसले होते, कारण क्षणापूर्वीच ती म्हणाली होती, "आणि आता शेवटचं. एकशेपाच."

हे एकशेपाच काय, ते आधी सांगायला हवं.

धाकटीचे बाबा अकरा वर्षं एका डान्स हॉलमध्ये रेकॉर्ड लावायचे. ऐंशीचं दशक उजाडलं, हॉलच्या छताला आरशांचा गोळा लागला, लोकांच्या पायातले बेलबॉटम जाऊन खांद्यावर गाद्या भरलेले कोट आले, आणि त्या सगळ्यांना नाचवायला उंच केबिनमध्ये बाबा उभे राहिले. लोक त्यांना ठेकेदार म्हणायचे. नाव शोभायचंही, कारण गाणं कुणी गायलंय याच्याशी त्यांना कर्तव्य नसे. त्यांना ठोके मोजायचे असत. मनगटावरच्या घड्याळाकडे बघत मिनिटाला पडणारे ठोके ते मोजायचे, हिरव्या पेन्सिलीने कव्हरच्या कोपऱ्यात आकडा लिहायचे आणि त्या क्रमाने रेकॉर्ड कपाटात लावायचे. शिवाय प्रत्येक लेबलवर पांढरा कागद डकवायचे. दुसऱ्या हॉलची मंडळी मान वाकडी करून नावं वाचून जात आणि पुढच्या शनिवारी तीच गाणी लावत, म्हणून.

तर मिनिटाला एकशेपाच ठोक्यांचं ते गाणं हॉलचं शेवटचं गाणं. दमलेल्या माणसांसाठी. एक जाडसर पुरुषी आवाज, शब्द नाहीतच, नुसती गुणगुण, आणि खाली संथ ठेका. त्याच्यावर कितीतरी जणांची लग्नं जुळली, दोन-तीन मोडलीही. नाव मात्र कुणालाच कळलं नाही. लोकांनी विनवण्या केल्या, पैजा लावल्या. बाबा हसायचे आणि कव्हर बंद करायचे.

दोन महिन्यांपूर्वी इस्पितळात धाकटीने शेवटचं विचारलं होतं, "बाबा, आता तरी सांगा. एकशेपाचचं नाव काय हो?"

"नाव?" बाबा डोळे मिटून म्हणाले होते. "ते तर तुला केव्हाच दिलंय."

औषधाची गुंगी, असं समजून तिने पांघरूण सारखं केलं. चौथ्या दिवशी ते गेले.

उद्या सकाळी दहाला संगीत संग्रहालयाचे लोक सगळ्या रेकॉर्ड न्यायला येणार होते. ते कागद भिजवून काढणार, यादी करणार. त्याआधी, घरात, बाबांच्या माणसांसमोर ते नाव आपल्याला कळावं, एवढंच धाकटीला हवं होतं. म्हणून तर ही रविवारची दुपार.

दारातून आत्याचा आवाज आला. "कुणी जागचं हलू नका. आणि चहा प्या आधी, गार होतोय."

२

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. हॉलच्या दाराशी जी खिडकी होती, तिथे अकरा वर्षं ती लोकांचे कोट घ्यायची, खुंटीला लावायची आणि पितळी बिल्ला द्यायची. कोटावरून माणूस ओळखते, असा तिचा दावा होता. आजही पाहुणे आले तेव्हा तिने जुने बिल्ले काढले होते.

"ताई, आता घरातसुद्धा?" गाणारी मावशी हसली होती.

"सवय गं. बिल्ला हरवलास तर कोट मिळायचा नाही, आत्ताच सांगते."

पाहुणे तीन. गाणारी मावशी, जी हॉलमध्ये शनिवारी रेकॉर्डच्या ठेक्यावर गायची. कॅसेटकाका, ज्यांचं कोपऱ्यावर दुकान होतं आणि जे रोज संध्याकाळी हॉलमध्ये नाचायला नाही, तर ऐकायला येत. आणि दिवेकाका, जे केबिनमध्ये बाबांच्या शेजारी बसून रंगीत दिवे फिरवायचे.

शोधाशोध झाली. सोफ्याच्या मागे, गालिच्याखाली, पलंगाखाली, फ्रीजवर. कॅसेटकाकांनी आपली पिशवी जमिनीवर उपडी केली. आठ कॅसेट आणि एक चष्म्याची डबी. मावशीची पर्स मुठीत मावेल एवढी. उरलेली चारशे अकरा कव्हरं एकेक करून चाचपली. एकातही दोन रेकॉर्ड नव्हत्या.

"ताटाएवढी वस्तू," कॅसेटकाका कपाळ पुसत म्हणाले, "काय उडून गेली?"

"सकाळी होती?" आत्याने विचारलं.

"होती. धूळ पुसताना मी कव्हर उचललं, तेव्हा आत काहीतरी सरकलं. बाहेर नाही काढली. बाबा म्हणायचे, एकशेपाचला हात लावायचा नाही. ते गेल्यावरही..." धाकटी थांबली.

"आणि दुपारपासून घराबाहेर कुणी गेलं नाही," आत्या म्हणाली. "म्हणजे चीज घरातच आहे, आणि ज्याने घेतली तोही. एकेकाला तुझ्या बाबांच्या खोलीत पाठव. तू पण ये. बोलायचं मात्र मी."

३

बाबांच्या खोलीत टेबल, दोन खुर्च्या आणि रेडिओ होता. टेबलावर डबीच्या झाकणाएवढी एक पितळी चकती पडली होती, मधे बारीक भोक असलेली, कडा झिजून गुळगुळीत. बाबा गेल्यावर रेकॉर्डप्लेअरचं झाकण उघडलं तेव्हा ती मधल्या खुंट्यावर बसवलेली होती. धाकटीने ती काढली आणि कागदांवर वजन म्हणून ठेवली. आत्याने ती उचलून बोटांत फिरवायला सुरुवात केली.

पहिली मावशी.

"मी कशाला घेऊ? मला तर त्या गाण्याचा रागच होता."

"का गं?"

"एकदा म्हटलं, चला, ह्यावर आपणही आलाप घेऊ. कीबोर्डवर सूर शोधायला बसले, तर सापडेना. ह्या पट्टीत धरावं तर खाली, त्या पट्टीत धरावं तर वर. दोन पट्ट्यांच्या फटीत कुठेतरी गातोय मेला. तुझ्या भावाला विचारलं तर म्हणाला, 'त्याला सूर नाही, स्वभाव आहे.'" मावशी हसली, मग रुमाल शोधू लागली. "असलं काहीतरी बोलायचा नेहमी."

मग कॅसेटकाका. ते बसलेच नाहीत.

"संशय माझ्यावरच येणार, ठाऊक आहे मला. चाळीस वर्षं मागे लागलोय मी त्या गाण्याच्या. हॉलमध्ये खिशात टेप लपवून नेला होता, त्या टेपवर गाण्यापेक्षा लोकांच्या पायांचाच आवाज जास्त. परदेशी कंपन्यांना पत्रं धाडली. 'जाड आवाजाचा पुरुष, शब्द नाहीत, सोबत नुसता एक कीबोर्ड.' एकाने उलट विचारलं, साहेब, तब्येत बरी आहे ना?"

"दुकानात सगळ्या रेकॉर्ड ताडून पाहिल्यास?"

"पुरुष गायकांच्या एकूणएक! पण ताई, मला चोरायची असती तर उद्यापर्यंत थांबलो नसतो का? उद्या संग्रहालयवाले कागद काढणारच. मला नावच तर हवंय. ते फुकट कळणार असताना चोरी करायला मी काय खुळा आहे?"

"तसा आहेसच," आत्या म्हणाली. "पण मुद्दा बरोबर आहे. जा."

दिवेकाका शेवटी आले. काठी दाराला टेकवून खुर्चीच्या टोकावर बसले. कपाळावर घाम होता.

"तू शेजारी बसायचास. तुला काय आठवतं?"

दिवेकाकांनी मनगटाने घाम पुसला. "सगळे दिवे मी बंद करायचो, फक्त गोळ्यावरचा एक ठेवायचा. आरशांचे ठिपके भिंतीवरून हळूहळू सरकायचे. केबिनमध्ये आम्ही दोघंच. खाली लोक दमलेले. वर ती रेकॉर्डसुद्धा दमल्यासारखी फिरायची. ठेकेदार खाली बघायचाच नाही त्या गाण्याला. डोळे मिटून उभा राहायचा."

"घेतलीस का तू?"

"ताई, माझ्या वयाच्या माणसाने काय चोरायचं आता?"

ते गेल्यावर आत्या म्हणाली, "विचारलं काय, उत्तर आलं काय. बघितलंस?"

"म्हणजे त्यांनीच?"

"घाई करू नकोस. एक माणूस हो किंवा नाही म्हणाला नाही, एवढंच कळलंय. ते रिकामं कव्हर आण बघू."

४

आत्याने कव्हर खिडकीशी धरलं, तिरपं, उन्हाच्या रेषेत. पुठ्ठ्यावर वर्षानुवर्षं दाबून उमटलेलं एक वर्तुळ दिसलं. तिने दुसरं एक कव्हर शेजारी धरलं. त्यावरही वर्तुळ होतं; पण ते कडेपर्यंत पसरलेलं, ताटाएवढं.

"आणि हे?" आत्याने एकशेपाचवर बोट ठेवलं.

"बशीएवढं," धाकटी हळूच म्हणाली.

"सकाळी कव्हर उचललंस तेव्हा आत काहीतरी सरकलं म्हणालीस. बाकीची उचलताना सरकतं का काही?"

"नाही. ती घट्ट बसतात."

"मग ही चकती कशाची?"

लहानपणी धाकटीने हेच विचारलं होतं. बाबांनी तिच्या तळहातावर चकती ठेवून सांगितलं होतं, "ही शेवटच्या गाण्याची." तिला ते तेव्हा गोष्टीतल्यासारखं वाटलं होतं. आता तिने चकती डोळ्यांसमोर धरली. चारशे अकरा मोठ्या रेकॉर्डना मधे बारीक भोक असतं. त्यांना चकती लागत नाही. चकती लागते ती छोट्या रेकॉर्डला, जिच्या मधलं भोक नाण्याहून मोठं असतं.

"छोटी रेकॉर्ड," ती म्हणाली. "पंचेचाळीसची. मोठ्या कव्हरात लपवलेली." तिने चकती मुठीत धरली. "पण आत्या, छोट्या रेकॉर्ड मिनिटाला पंचेचाळीस फेऱ्यांवर लावतात. मोठ्या तेहतीसवर. जर बाबांनी ती..."

"तेहतीसवर लावली तर?"

"तर ती दमल्यासारखी फिरेल. सूर खाली घसरेल, कुठल्याच पट्टीत बसणार नाही. आणि आवाज..." ती उठून उभी राहिली. "आवाज जाड होईल. बाईचा आवाज पुरुषासारखा वाटेल."

आत्याने मान हलवली, पण बोलली वेगळंच. "तुझी आई हॉलमध्ये किती वेळा आली?"

"एकदाच ना? हॉल बंद झाला त्या दिवशी."

हा घरातला जुना विनोद होता. आई शाळेत कवायत शिकवायची. नऊला झोपायची, पाचला उठायची, डान्स हॉलला 'तो धिंगाणा' म्हणायची. 'त्या एका दिवशी आली, माझ्या खिडकीशी उभी राहिली आणि नाचली म्हणजे काय!' असं म्हणत आत्या दर वेळी हात वरखाली करून दाखवायची आणि सगळे हसायचे, आईसुद्धा. आईला जाऊन सहा वर्षं झाली होती.

"कशी नाचली होती दाखव," धाकटी म्हणाली.

आत्याने दोन्ही हात वर केले. बाजूला घेतले. खाली आणले. पुन्हा वर.

"इतकी वर्षं मी ह्यावर हसतेय," आत्या म्हणाली. "ती नाचत नव्हती गं."

बाहेरच्या खोलीत कुणीतरी खोकलं. आत्याने पदर खोचला. "चल. खुंटीवर कोट किती आहेत?"

"दोन," धाकटी म्हणाली.

५

"सगळ्यांनी ऐका," आत्या म्हणाली. "आपण ताट शोधत होतो. हरवलीय बशी."

तिने थोडक्यात सगळं सांगितलं. कॅसेटकाकांचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं.

"आता बशी मावते कोटाच्या खिशात. मावशीचा कोट माझ्याकडे, कॅसेटकाकांचाही माझ्याकडे. ती छोटी आहे हे ठाऊक असणारा माणूस एकच, जो केबिनमध्ये शेजारी बसायचा. आणि आज ज्याने दारात कोट दिला नाही, तोही तोच." ती वळली. "दे रे."

"ताई, मला थंडी वाजते."

"खिडक्या बंद, खोलीत पाच माणसं, तू घामाने डबडबलायस आणि थंडी म्हणे! अकरा वर्षं हा कोट मी खुंटीला लावलाय. डाव्या अंगाला आतून तू स्वतः शिवलेला खिसा आहे, दिव्यांपुढे धरायचे रंगीत कागद ठेवायला. दे. बिल्ला देते मी."

दिवेकाकांनी कोट काढला नाही. आत हात घातला आणि रुमालात गुंडाळलेली छोटी रेकॉर्ड काढून धाकटीच्या हातात ठेवली.

"तू चहा आणायला गेलीस तेव्हा घेतली," ते तिच्याकडे न बघता म्हणाले. "ही दोघं गॅलरीत होती."

"का काका?"

"शब्द दिला होता. एक नव्हे, दोन." त्यांनी काठी दोन्ही हातांत धरली. "ठेकेदार म्हणाला होता, ही शाळेची रेकॉर्ड डान्स हॉलमध्ये वाजते हे कळलं तर बायकोची नोकरी जाईल, तिलाही सांगू नकोस, ती बंद करायला लावेल. म्हणून तर सगळ्याच लेबलांवर कागद. एकट्या हिच्यावर लावला असता तर सगळ्यांची नजर तिच्यावरच गेली असती."

"दुसऱ्या हॉलची मंडळी वाचतात म्हणून नाही?" मावशीने विचारलं.

"ते सांगायला. मग शेवटच्या दिवशी वहिनी आल्या. गाणं संपल्यावर केबिनच्या जिन्यावर मला गाठलं. म्हणाल्या, 'हा आवाज माझा आहे. मला कळलंय हे त्यांना कळू देऊ नका. एवढं जपलंय त्यांनी.'"

दिवेकाका काठीची मूठ चोळत राहिले.

"तिच्यापासून त्याचं लपवायचं, त्याच्यापासून तिचं. एवढी वर्षं दोघांच्या घरी जेवलो आणि तोंड बंद ठेवलं. आता दोघं नाहीत. पण उद्या ते लोक कागद सोलणार आणि यादीत लिहिणार, 'शालेय कवायत'. सगळीकडे हसू होईल. ज्या गाण्यावर लोक एकमेकांच्या गळ्यात पडून रडले, ते कवायतीचं!" त्यांनी काठी आपटली. "माझ्या मित्राला हसलेलं मला चाललं नसतं."

"चाळीस वर्षं," कॅसेटकाका खुर्चीत कोसळत म्हणाले, "चाळीस वर्षं मी पुरुष शोधत होतो!"

"शोधत तर मीही होते," मावशी म्हणाली. "सापडला कुठे?"

आधी आत्या हसली. मग सगळेच, अगदी दिवेकाकाही, डोळे पुसत.

"अहो, शाळांना पाठवायच्या खोक्यात हिच्या वीस-वीस प्रती असायच्या माझ्याकडे," कॅसेटकाका म्हणाले. "मीच पार्सलं बांधायचो!"

६

धाकटीने किटलीच्या वाफेवर लेबल धरलं. कागद सावकाश सुटला. खाली निळ्या अक्षरांत छापलं होतं: शालेय कवायत. त्याखाली आईचं माहेरचं नाव. आणि त्याखाली:

दुसरी बाजू. आज्ञेविना सराव.

तिने ते तीनदा वाचलं. पहिल्या बाजूवर आईच्या आज्ञा. दुसरीवर आज्ञा नाहीत, मुलांनी आपापली कवायत करावी म्हणून शाळेतल्या शिक्षकाच्या कीबोर्डचा ठेका आणि आईची गुणगुण.

घरात धाकटीच्या थोरल्या बहिणीला बाबा पहिली बाजू म्हणायचे आणि हिला दुसरी बाजू. "दुसरी बाजू, जेवलीस का? दुसरी बाजू, दप्तर भरलंस का?" रेकॉर्डची पहिली बाजू सगळे ऐकतात, दुसरी उलटून कोण बघतं? ते नाव तिने हसत हसत सोसलं होतं. पण सोसलंच होतं.

'ते तर तुला केव्हाच दिलंय.'

तिने खुंट्यावर चकती बसवली, चकतीवर रेकॉर्ड. वेगाचा खटका तेहतीसवर होता. सुई टेकली आणि तो जाड, अनोळखी आवाज खोलीत आला. दिवेकाका उठले आणि सवयीने दिवा घालवला. बाहेर ऊन होतं, तरी त्यांनी घालवला. कॅसेटकाकांनी मावशीपुढे हात केला. "पाय सांभाळा," मावशी म्हणाली, "तुमचा नव्हे, माझा." आत्या भिंतीला टेकून उभी राहिली आणि तिचे हात, नकळत असावं, जरासे वर गेले.

गाणं संपलं. सगळे खाली बसले. धाकटी मात्र रेकॉर्डप्लेअरजवळच उभी होती.

"आत्या," ती म्हणाली, "बाबा गेल्यावर मी हे झाकण उघडलं तेव्हा चकती खुंट्यावर होती. आणि खटका पंचेचाळीसवर. चुकून सरकला असेल म्हणून मीच तो तेहतीसवर आणला."

आत्या खुर्चीत पुढे सरकली.

"म्हणजे घरी, एकटे असताना," धाकटी म्हणाली, "ते हळू लावत नव्हते."

तिने खटका सरकवला आणि सुई पुन्हा कडेला ठेवली. ठेका चटपटीत झाला, आणि त्याच्यावर आई गुणगुणू लागली. तरुण, स्वच्छ, थोडी घाईत, जशी सकाळी वेण्या घालताना गुणगुणायची. धाकटीने टेबलाची कड धरली. कुणी तिच्याजवळ आलं नाही, आणि ते बरंच झालं.

पहिली बाजू तिने लावली नाही. आईच्या आज्ञा लहानपणी पुरेशा ऐकल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी दहाला संग्रहालयाचा माणूस आला. खोकी भरता भरता त्याने एक कव्हर उचललं, आत डोकावलं, कोपऱ्यातला हिरवा आकडा वाचला.

"हे रिकामं कसं?"

"त्यातलं घरी लागतं," धाकटी म्हणाली.

"पण हे तर ते प्रसिद्ध शेवटचं गाणं ना? माझे आई-वडील ह्याच्यावरच भेटले. लोक अजून विचारतात." त्याने यादीवर पेन टेकवलं. "निदान नाव तरी सांगा. काय लिहू?"

कॅसेटकाका मदतीला आले होते. त्यांनी खोक्यावरून मान वर केली, तोंड उघडलं आणि धाकटीकडे पाहून पुन्हा मिटलं.

"लिहा," ती म्हणाली, "नाव माहीत नाही."